घट

तक्ता 'ब', रकाना सात : कामाचे तास.
हौसाक्का वाईंगडे चिमटा खाली न ठेवता विचारते,
"तास म्हंजे कसलं? नळाचं, लाईटीचं, का माझं?"

हुपरी. पत्र्याची खोली, दुपारचे अडीच.
ताटलीत पैंजणाच्या कड्या, तांदळाच्या कण्यांएवढ्या.
एकेक उचलून ती दुसरीत अडकवते,
कुणाला तरी आत घेऊन दार लावावं तशी.

किमान वेतनाचे नवे दर ठरायचे आहेत.
समिती बसली आहे.
समिती बसली की माझ्यासारख्यांना
उभं राहावं लागतं, दारोदार.

"किलोमागं मजुरी," ती सांगते.
"चांदी चढली की शेट पेपर वाचून दाखवतोय.
मजुरीचा भाव पेपरात येत न्हाई,
म्हणून त्येला ठावंच न्हाई."

शनिवारी माल द्यायचा.
काटा काचेच्या पेटीत, आधी पंखा बंद,
लोक श्वाससुद्धा तोंड फिरवून सोडतात.
नेलेली चांदी, आणलेली चांदी,
मधला फरक म्हणजे घट.
घट जास्त भरली की मजुरीतून वजा.
"मी बसलो त्या चटईवरचा केरबी त्येचा.
हात धुतल्यालं पाणी घमेल्यात ठेवायचं,
तळाला बसतंय न्हवं काय काय."

बसलो म्हणते ती. आलो, गेलो, जेवलो,
इकडच्या बायका म्हणतात तसं,
मीही घरी म्हणते तसंच.
पण रकाना तीन विचारतोच : स्त्री की पुरुष.
डाग लावणारे बापये, त्यांचा दर निराळा.
"ताकतीचं काम हाय म्हणत्यात."
"किती ताकद लागते?"
ती हसते, पहिल्यांदाच.
"बत्ती धरायची. गॅसची टाकी मी उचलतो
माळावरनं हितवर, तिला कोण दर देतंय?"

मग चष्मा काढून पुसते, पदरानं.
तीन वर्षांत दोनदा नंबर वाढला.
दोरा ओवायला आता शेजारची पोरगी लागते.
"ही घट कुठल्या खान्यात लिवणार?"

मी 'इतर' शोधते.
'इतर' दीड इंचाचा आहे.

"आणि तुला किती देत्यात?"

हे तक्त्यात नव्हतं.
मी एजन्सीकडून. अकरा महिन्यांचा करार,
मग एक दिवस मी नसतेच, मग पुन्हा अकरा.
शेजारच्या टेबलावर ढेकळेसाहेब, कायम.
तोच तक्ता, तोच शिक्का, एकाच किटलीतला चहा,
पगार माझ्या तिप्पट.
माझ्या पगारातून दरमहा थोडं झडतं,
ते कुणाच्या घमेल्यात जातं, मी पाहिलेलं नाही.
समान कामाला समान वेतन,
हे पोस्टर माझ्या खुर्चीमागे आहे.
सरळ लागावं म्हणून स्टुलावर चढले होते मी.

एवढं सगळं नाही सांगितलं. आकडा सांगितला.
ती कडी अडकवत राहिली.
"मग तुझा फारम कोण भरतंय?"

परतीच्या एसटीत शिफारशी लिहिल्या, हिसक्यांसकट :
दर तासावर धरावा, किलोवर नव्हे.
चांदी चढेल तशी मजुरी चढावी.
घटीला हद्द असावी, आणि ती मालकानं सोसावी.
चष्मा हे हत्यार समजावं.
शेवटची ओळ ढेकळेसाहेब काढतील.
उरलेल्या समिती काढेल,
किंवा नाही काढणार; एखादी राहतेही,
मागल्या खेपेला पाळण्याची राहिली होती.

सोमवारी ते तक्ते चाळत होते.
"बाई, सातमध्ये हे काय? इथं आकडा लागतो.
संगणक शब्द घेत नाही."

मी निघाले तेव्हा दारातून ओरडून सांगितलं होतं तिनं,
जसं ऐकलं तसं लिहिलं :
दिसतंय तवर.

"आठ टाका," ते म्हणाले, "सगळ्यांचे आठच आहेत."
पांढऱ्या शाईची बाटली पुढं सरकवली.
बाटली टेबलावर आहे.
झाकण मी अजून उघडलेलं नाही.